रुसव्याची नोकरी

रेवा सुरवसे समारंभ-व्यवस्थापनाची पदवी घेऊन बाहेर पडली, त्या वर्षी महाराष्ट्रातल्या बहुतेक लग्नांत कुणीही रुसलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षीही नव्हतं. किंबहुना रेवाच्या वर्गातल्या अर्ध्या मुलामुलींनी मोठ्या माणसाला रुसलेलं कधी पाहिलंच नव्हतं आणि हीच त्या सगळ्यांची अडचण होती.

याला कारण 'निर्विघ्न'. ही एक यंत्रणा होती. कार्यालयाच्या दारात पाहुण्याच्या मनगटावर मोगऱ्याच्या गजऱ्यासारखी एक नाजूक पट्टी बांधली जाई. ती पट्टी नाडी मोजी, तळहाताला सुटलेला घाम ओळखी, आणि छतातले कॅमेरे भुवया वाचत. रुसणाऱ्याला स्वतःला कळायच्या आत निर्विघ्नला रुसव्याची चाहूल लागे. विहीणबाईंच्या मनात 'आम्हाला कुणी विचारलंच नाही' हे वाक्य तयार होतंय तोवर कोकम सरबताचा ग्लास पुढे येई आणि "तुमची साडी पैठणची का हो?" असं कुणीतरी विचारून जाई. जेवणाचा अंदाज, फुलं, बसायच्या जागा, आहेर हे सगळं निर्विघ्नच पाही. मंडपात माणसाला करण्यासारखं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे लग्न.

त्यामुळे रेवाच्या वर्गातला सगळ्यांत हुशार मुलगा हारांच्या यंत्रांना तेलपाणी करायला लागला आणि दोघीतिघी त्याच कॉलेजात शिकवायला राहिल्या, म्हणजे आणखी बेकार तयार करायला. रेवा बार्शीला आईवडिलांकडे परत आली. अर्ज करत राहिली. नकार येत ते इतके गोड भाषेत, की धड चिडताही येत नसे.

अशात एक जाहिरात दिसली. 'विरजणकार पाहिजे. समारंभ-क्षेत्रातील नवीन पद. घरात भरपूर रुसवेफुगवे पाहिलेल्यांना प्राधान्य.'

"फसवाफसवी असणार काहीतरी," पप्पा म्हणाले. पण ते रोज संध्याकाळी पुण्याची बस कधी सुटते ते विचारून येत होते, त्यामुळे रेवा पुण्याला गेली.

मुलाखत घ्यायला डॉ. ऊर्जिता टिपणीस होत्या. या बाई मेंदूशास्त्रज्ञ. केस पिकलेले, बोटांना शाई, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मान हलवायची सवय. त्यांनी रेवाची पदवी बाजूला सारली आणि विचारलं, "तुमच्या घरात सगळ्यांत जास्त कोण रुसतं?"

रेवाला हसू आलं. "रुसायचे. आता नाही रुसत. आमचे आतोबा."

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. रेवाच्या प्रज्ञाआत्याचे यजमान अभिजितराव हे सुरवशांचे थोरले जावई. रेवा लहान असताना, बार्शीत अजून निर्विघ्न पोचायचं होतं तेव्हा, आतोबा रुसले नाहीत असं कार्य झालं नव्हतं. एकदा पत्रिकेत नाव खाली गेलं म्हणून रुसले होते, एकदा नाव वर गेलं तेव्हा अक्षर बारीक झालं म्हणून. मग ते कार्यालयाच्या माडीवरच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसत, आणि खालून एकेक माणूस समजूत काढायला वर जाई. शेवटी रेवाच्या हातात पेढा देऊन तिला पाठवत. ती गेली की आतोबा पेढा खात, तिला खांद्यावर घेत आणि खाली उतरत. मग पंगत बसे.

"आणि आता?"

"आता येतात, जेवतात, जातात. मागच्या लग्नात माझ्याशी बोलले, पण मी कुठल्या वर्गात आहे तेही त्यांना माहीत नव्हतं. आत्याला म्हणाले, यापुढं मला नेऊ नको, मी घरूनच फोनवर अक्षता टाकीन." रेवाचा आवाज जरा बदलला. "माझ्या बारशाला मला पाळण्यातून उचलून पळाले होते म्हणे. कुणी देईना म्हणून."

डॉक्टर बाईंनी पहिल्यांदाच वाक्य पुरं होऊ दिलं. मग त्या म्हणाल्या, "दही लावता येतं का तुला?"

"येतं."

"दुधात काय घालतेस?"

"थोडं आंबट दही. विरजण."

"आणि नाही घातलं तर?"

"दूध दूधच राहील."

"तेच झालंय आपल्या समारंभांचं." डॉक्टर बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "हे बघ, मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे. धोक्याची घंटा वाजवणं हे त्याचं काम. परक्यानं दुखावलं तर ती थोडी वाजते. आपल्या माणसानं दुखावलं तर जोरात वाजते. ती वाजत असताना मेंदू बारीकसारीक सगळं टिपून घेतो. कोण आलं, काय बोललं, हात कुणी धरला. आणि ज्या माणसामुळे ती घंटा थांबते ना, ते माणूस मनात घट्ट बसतं. सुखात शेजारी बसलेलं माणूस तसं बसत नाही. आम्ही वर्षानुवर्षं मोजलंय हे. निर्विघ्न लग्नांतले पाहुणे पुढे विचारलं तर सांगू शकत नाहीत की नवरी कोण होती. त्यांच्या आजारपणात कुणी येत नाही, तेही कुणाकडे जात नाहीत. आपण रुसवा काढून टाकला, आणि त्याच्याबरोबर समजूत काढणंही गेलं."

"म्हणजे माणसांना मुद्दाम दुखवायचं?"

"थोडंसं. सोसेल इतकं. आणि समजूत काढायला योग्य माणूस पोचेल असं बघायचं. दुखावणं आणि समजूत यांच्या मधल्या वेळाला आम्ही विरजणक्षण म्हणतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. झोप लागली की मेंदू दिवसभराचं सगळं पक्कं करतो. समजूत निघायच्या आत माणूस झोपला, तर राग पक्का होतो. मग ते दही नाही, नासलेलं दूध."

आनंदावर विरजण घालायची नोकरी, हे ऐकून पप्पा काय म्हणतील ते रेवाला दिसत होतं.

"आणखी एक," डॉक्टर बाई म्हणाल्या. "हे कुणाला सांगायचं नाही. ज्याला कळलं त्याच्यावर ते पुन्हा चालेल की नाही, मला ठाऊक नाही. तेवढं आम्ही अजून मोजलेलं नाही."

नेमणूक मिळाली, पण कच्ची. पहिलं काम उमेदवाराच्या स्वतःच्या गोतावळ्यात करायचं असा तिथला रिवाज होता, कारण कुणाला कुठे दुखतं हे घरच्याइतकं कुणाला कळत नाही. रेवाच्या चुलतभावाचं, शौनकचं लग्न ठरलेलंच होतं. कार्य रुजावं म्हणून लागेल ते करायची मुभा काकांनी डॉक्टर बाईंच्या कंपनीला दिली होती. काय करणार ते त्यांनी विचारलं नव्हतं. कंपनी चांगली आहे एवढंच त्यांना पुरलं.

रेवानं आतोबांना निवडलं. समजूत काढायला पप्पांना. एके काळी हे दोघे मेहुणे एका ताटात जेवत, आणि आता एकमेकांच्या वाढदिवसाला यंत्रानं सुचवलेला फुलांचा गुच्छ पाठवत.

सुरवशांच्या घरात नवरदेवाच्या डोक्याला फेटा थोरला जावई बांधतो. फेटा बांधून झाला की तो नवरदेवाच्या पाठीत एक धपका घालतो आणि मगच नवरदेव बाहेर पडतो. रेवानं इतकंच केलं, की फेटे बांधणाऱ्या कारागिराला आतोबांच्या आधी शौनकच्या खोलीत पाठवलं आणि आतोबांच्या मनगटावरची पट्टी निर्विघ्नपासून तोडून टाकली.

आतोबा इस्त्रीचा झब्बा घालून, बाह्या दुमडून आत गेले. शौनक आरशासमोर फेटा बांधून तयार बसला होता.

"छान बसलाय," आतोबा म्हणाले. धपका घालायला उचललेला हात त्यांनी तसाच खाली घेतला आणि ते बाहेर आले. अक्षता पडल्या तेव्हा ते मागच्या रांगेत उभे होते. पंगतीला बसले नाहीत. माडीवरच्या खोलीत निघून गेले.

रेवाला मनात कुठेतरी बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांनी आतोबा माडीवर गेले होते. आता पप्पांनी वर जायचं, एवढंच उरलं होतं.

पप्पा वर गेले नाहीत. ती त्यांना शोधत गेली तेव्हा ते मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन व्याह्यांशी गप्पा मारत उभे होते.

"पप्पा, आतोबा जेवले नाहीत."

"माहितीय. फेट्याचं झालं ना? मी केलंय ते." पप्पांनी समाधानानं फोन दाखवला. "निर्विघ्नला सांगितलं. त्यानं शाल पाठवली वर, आणि मेसेज पण पाठवलाय, भावना दुखावल्याबद्दल दिलगीर आहोत म्हणून. मजकूर चांगला होता."

रेवाला हे सुचलंच नव्हतं. कंपनीतल्या कुणालाच सुचलं नसतं. रुसायचं कसं हे आतोबांच्या अंगात होतं, ते गेलं नव्हतं. समजूत कशी काढायची हे मात्र पप्पा विसरून गेले होते. पंधराएक वर्षं त्यांना ते काम पडलंच नव्हतं.

ती धावत वर गेली. दार लोटलेलं होतं. घडी न मोडलेली शाल उंबऱ्याबाहेर ठेवलेली. आत आतोबा पलंगावर आडवे झाले होते, चष्मा काढून उशाशी ठेवला होता. दुपारी जेवण होवो न होवो, आतोबा घटकाभर झोपतातच, हे साऱ्या घराला माहीत होतं. रेवाला ते आठवायला हवं होतं. तिनं रात्रीचा हिशेब धरला होता.

"आतोबा?"

"ये. जेवलीस का?" आवाज अगदी नेहमीचा होता. तो नेहमीचा होता म्हणूनच तिला भीती वाटली. "मी काय रुसलो नाही बरं का. मला झोप आलीय. आता संध्याकाळच्या गाडीनं जातो आम्ही. आणि पुढच्या कार्याला आत्याला एकटीला बोलवा. मला काय, कुठंही दोन घास मिळतात." मग जरा थांबून म्हणाले, "दिलगीर आहोत म्हणे. आहोत म्हणजे कोण कोण, तेवढं विचार तुझ्या बापाला."

त्यांनी कूस बदलली आणि डोळे मिटले.

रेवा जिना उतरली तेव्हा तिला नोकरीचं काही वाटत नव्हतं. तिनं आपल्या हातानं आतोबांचा राग कायमचा पक्का करत आणला होता, आणि तो निवळायला एकच माणूस चालणार होता. तिनं पप्पांना व्याह्यांसमोरून हाताला धरून ओढून जिन्यापाशी आणलं आणि सगळं सांगून टाकलं. फेटा मीच बांधवला. मुद्दाम. ही माझी नोकरी आहे. ते झोपायच्या आत तुम्ही गेला नाहीत तर आतोबा पुन्हा आपले होणार नाहीत.

शिव्या द्याव्यात की हसावं, हे पप्पांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"काय बोलू मी जाऊन?"

"कारणं सांगू नका. दुसऱ्यावर ढकलू नका. एकटे जा आणि त्यांचा हात धरा. पप्पा, जा हो."

पप्पा गेले. रेवा दाराबाहेर उभी राहिली. असं ऐकणं नियमात बसत नव्हतं, पण नियम जिन्यातच मोडून झाला होता.

"दाजी," पप्पा म्हणाले. "दाजी, उठा."

"झोप लागलीय मला."

"झोप लागलेला माणूस बोलत नसतो."

मग पप्पांचा आवाज आला, पण तो रेवानं कधी ऐकला नव्हता. "माझ्या लग्नात तुम्ही फेटा इतका आवळला होता की मला हार घालताना दिसत नव्हतं. मी म्हणालो सैल करा. तुम्ही म्हणालात, संसारात पडतोयस, सवय कर. आठवतंय? दाजी, माझे वडील गेले तेव्हा मला काही सुचत नव्हतं. सगळं तुम्ही केलंत. आणि मी तुम्हाला शाल पाठवतो. मेसेज पाठवतो. मला लाज वाटती."

"सुहास, रडू नको. रडायला काय झालं?"

"मी कुठं रडतोय?"

"मग हे हातावर काय पडलं माझ्या?"

थोड्या वेळानं दोघे खाली आले. आतोबांनी पंगतीत जाऊन शौनकचा फेटा उतरवला, सगळ्यांसमोर पुन्हा बांधला आणि पाठीत असा धपका घातला, की निर्विघ्ननं वैद्यकीय मदत पाठवू का म्हणून विचारलं. सगळा मंडप हसला. ते लग्न आजही सुरवशांपैकी कुणाला विचारा, जिलबी किती कुरकुरीत होती इथपासून सगळं सांगतील.

परत येताना पप्पा रेवाला म्हणाले, "तुझ्या सांगण्यावरून गेलो मी. पण बोललो ते माझं होतं बरं का." रेवानं ते मानलं. तिला ते मानायचंच होतं.

ती नोकरीत पक्की झाली. जिन्यातली गोष्ट तिनं डॉक्टर बाईंना सांगितली नाही. पुढे विरजणकार हा मोठा धंदा झाला, पदव्या निघाल्या, रेवाच्या हाताखाली माणसं आली. कुठल्या मामाला आहेर उशिरा द्यायचा आणि कुठल्या मैत्रिणीला फोटोतून बाहेर ठेवायचं, हे ती नुसतं पत्रिका वाचून सांगू लागली. तिनं जोडलेली घरं खरंच जोडली गेली. म्हातारी माणसं एकमेकांकडे राहायला जाऊ लागली. आतोबा दर आठवड्याला बार्शीला येत, आणि ते आणि पप्पा कॉलेजातल्या पोरांसारखे हिंडत.

रेवाचा साखरपुडा बार्शीलाच झाला, घरासमोर मांडव घालून. मुलगा निहार, सोलापूरचा, शांत स्वभावाचा. निर्विघ्न नको आणि विरजणकारही नको, असं रेवानं बजावलं होतं. अंगठी घालायची वेळ झाली तेव्हा तिनं पप्पांकडे पाहायला मान वळवली. पप्पा नव्हते. गुरुजी थांबले, निहारची आई घड्याळाकडे बघू लागली, कुणीतरी म्हणालं येतील इतक्यात. शेवटी अंगठी पप्पांवाचून घातली गेली.

ते आणि आतोबा बर्फ आणायला म्हणून गेले होते. वाटेत उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात बसले, बोलता बोलता वेळ गेला आणि फोन गाडीतच राहिला होता. रेवाला हे कळलं तेव्हा तिला जे दुखलं ते आजवर कधी दुखलं नव्हतं. ती आतल्या खोलीत जाऊन बसली.

पाहुणे गेल्यावर पप्पा आत आले. एकटेच आले. बर्फाचं, गुऱ्हाळाचं, फोनचं काही बोलले नाहीत. तिच्यासमोर जमिनीवर बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "चुकलं माझं. दुसऱ्या कुणाचं नाही. माझ्या पोरीला अंगठी घातली आणि मी तिथं नव्हतो."

रेवाचा राग निवळू लागला. आणि त्याच क्षणी तिच्या मनातल्या विरजणकारानं मान वर केली. एकटे आले. कारणं दिली नाहीत. दुसऱ्यावर ढकललं नाही. हात धरला. आपल्या हाताखालच्या कुणी इतकं नीट केलं असतं तर तिनं त्याला शाबासकी दिली असती. पोरगी परगावी जाणार, तर तिच्या मनात आपण घट्ट बसावं, असं कुठल्या बापाला वाटत नाही? आणि या बापाला तर रीत माहीत होती. तिनंच शिकवली होती.

"पप्पा," ती म्हणाली, "खरंच विसरला होतात ना?"

पप्पांना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हात सोडवला, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि "खुर्च्या भरायच्या राहिल्यात" म्हणत बाहेर गेले.

रेवा बसून राहिली. आपण काय केलं हे तिच्या लक्षात आलं आणि तिला रडू फुटलं. ती मांडवात गेली. पप्पा एकेक खुर्ची उचलून दुसरीवर ठेवत होते, जरा जास्तच जपून. ती त्यांच्याजवळ गेली. तिला नुसतं त्यांच्या गळ्यात पडायचं होतं. पण तिचे पाय थांबले ते बरोबर ती हाताखालच्यांना शिकवी तेवढ्या अंतरावर, तिचा हात गेला तो त्यांच्या हातावर, आणि तोंडून आलं, "चुकलं माझं, पप्पा. दुसऱ्या कुणाचं नाही."

पप्पांनी खुर्ची खाली ठेवली. तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं, हातावरचा तिचा हात पाहिला. ते रागावले नव्हते. त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "बाळा, हे तू म्हणतीयस, का तुझी नोकरी?"

रेवानं त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. हात धरणं हेही त्या रीतीतलंच होतं हे तिला कळत होतं, तरी तिनं तो सोडला नाही.